सांधलेला चेहरा

आजचा विषय वरवर पाहता अगदी अलीकडचा वाटेल. दोन, चार किंवा दहा छायाचित्रांतील अंश घेऊन ते संगणकावर जुळवावेत, त्यांवर रंगचित्राचा संस्कार करावा आणि त्यांतून एकच व्यक्तिचित्र सिद्ध करावे, असे या कलेचे थोडक्यात वर्णन करता येईल. अशा चित्राला आपण संमिश्र व्यक्तिचित्र म्हणू. ही कला आज केवळ चित्रकारांपुरती उरलेली नाही. लग्नसमारंभाची छायाचित्रे घेणारा गावातील व्यावसायिक, वृत्तपत्रातील मांडणीकार आणि आईवडिलांची जुनी तसबीर नव्याने करून घेऊ इच्छिणारा सामान्य गृहस्थ, या सर्वांचा तिच्याशी संबंध येतो. म्हणूनच तिच्याविषयी दोन प्रश्न विचारणे अगत्याचे झाले आहे. अशी चित्रे कोणत्या रीतीने तयार होतात, हा पहिला. आणि त्यांवर विश्वास कधी ठेवावा, हा दुसरा. या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांपासून वेगळी करता येत नाहीत, असे मला वाटते. सांधा कसा घातला गेला हे ज्याला कळते, त्यालाच तो सांधा प्रामाणिक आहे की नाही, हे सांगता येते.

प्रारंभीच एक समज तपासून पाहू. संगणक येण्यापूर्वी व्यक्तिचित्र म्हणजे एका माणसाने समोर बसावे आणि दुसऱ्याने त्याला पाहून चितारावे, असा सरळ व्यवहार होता, असे आपण धरून चालतो. आपल्या देशातील चित्रकलेचा इतिहास याला दुजोरा देत नाही. अकबराच्या चित्रशाळेत एका पानावर पुष्कळदा एकाहून अधिक हात काम करीत. चित्राची रचना एखादा ज्येष्ठ चित्रकार आखून देई. त्या कामाला तर्ह म्हणत. रंगकाम दुसरा करी, ते अमल. आणि प्रमुख व्यक्तींचे चेहरे काढण्यासाठी कधीकधी तिसराच, चेहऱ्यांच्या कामात निष्णात असा कलावंत बोलावला जाई. त्याच्या कामाला चिहरा नामी अशी संज्ञा होती. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अकबरनाम्याची जी प्रत आहे, ती सुमारे १५९० ते १५९५ या काळातील होय. तिच्या चित्रांखालील समासात ग्रंथशाळेतील लेखनिकाने तांबड्या शाईने या कलावंतांची नावे नोंदवून ठेवली आहेत. रचना कोणाची, रंगकाम कोणाचे आणि चेहरे कोणाचे, हे आज चार शतकांनंतरही आपण वाचू शकतो. समासातील ही नोंद आपण ध्यानात ठेवावी, अशी माझी विनंती आहे. तिचे आपल्याला पुढे काम पडणार आहे.

चित्रशाळेतील सांधे केवळ हातांचे नव्हते, काळाचेही होते. बिचित्र या चित्रकाराने सुमारे १६३० मध्ये काढलेले एक चित्र डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. त्यात अकबर, जहांगीर आणि शहाजहान हे तिघे एकत्र बसलेले असून अकबर राजमुकुट शहाजहानच्या हाती देत आहे. अकबर १६०५ मध्ये निवर्तला होता आणि जहांगीर १६२७ मध्ये. बादशहा झालेला शहाजहान त्या दोघांच्या पंक्तीला बसलेला कोणी पाहिला नव्हता, पाहणे शक्यही नव्हते. त्याच बिचित्राच्या दुसऱ्या एका प्रसिद्ध चित्रात जहांगीरच्या सिंहासनाजवळ इंग्लंडचा राजा पहिला जेम्स उभा आहे. जेम्स कधी हिंदुस्थानात आला नव्हता. त्याचा चेहरा युरोपातून आलेल्या चित्रावरून उतरवून घेतलेला आहे. या चित्रांना कोणी बनावट म्हणत नाही. ती घडलेल्या प्रसंगाची साक्ष देत नसून वंशाचा अधिकार, सत्तेचा दावा आणि आदर यांविषयी काही सांगत आहेत, हे पाहणाऱ्याला ठाऊक असते.

छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये जाहीर झाला, तेव्हा ही जाण क्षणभर मागे पडली. यंत्राने टिपलेले चित्र हे साक्षात निसर्गाने काढलेले चित्र होय, अशी भावना दृढ झाली. परंतु छायाचित्रकारांनाच लवकर कळून चुकले की, एका काचेवर सारे काही येत नाही. त्या काळची रसायने निळ्या प्रकाशाला फार लवकर आणि इतर रंगांना फार उशिरा प्रतिसाद देत. समुद्र नीट यावा इतका वेळ भिंग उघडे ठेवले, तर आकाश कोरे पडे. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६ च्या सुमारास यावर तोड काढली. समुद्राची निगेटिव्ह वेगळी, आकाशाची वेगळी. छापताना दोन्ही क्षितिजाच्या रेषेवर जुळवायच्या. सांधा क्षितिजावर घातला की तो दिसत नाही, हे त्याने ओळखले होते.

त्यानंतर १८५७ मध्ये ऑस्कर गुस्ताव रेलांडर याने तीसहून अधिक निगेटिव्ह एकत्र करून मानवी जीवनातील दोन मार्ग, सदाचार आणि विलास, दाखविणारे एक भव्य छायाचित्र मँचेस्टरच्या प्रदर्शनात मांडले. राणी व्हिक्टोरियाने त्याची प्रत विकत घेतली. पुढल्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन याने पाच निगेटिव्हांतून मृत्युशय्येवरील एका तरुणीचे चित्र सिद्ध केले. त्यावर बरीच टीका झाली, आणि टीकेचे स्वरूप विचार करण्यासारखे आहे. हेच दृश्य रंगांनी काढले असते तर कोणी आक्षेप घेतला नसता. कुटुंबाच्या दुःखाच्या क्षणी कॅमेरा तेथे शिरला, ही कल्पना लोकांना असह्य झाली. वस्तुतः ती मुलगी धडधाकट होती, ती केवळ अभिनय करीत होती, आणि चित्रातील क्षण कधी घडलाच नव्हता. म्हणजे एकाच चित्राकडे पाहणारे दोन वेगळ्या अपेक्षांनी पाहत होते. कलावंत रचना दाखवीत होता आणि प्रेक्षक साक्ष मागत होता. संमिश्र चित्राविषयीचा वाद तेव्हापासून आजतागायत याच जागी अडलेला आहे.

याच शतकात दुसरी एक वाट निघाली. तिच्याकडे अधिक सावधपणे पाहावयास हवे. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७७ च्या सुमारास अनेक चेहऱ्यांचा एक चेहरा करण्याची युक्ती काढली. सारखे आकारमान असलेली छायाचित्रे डोळ्यांच्या रेषेवर जुळवून एकामागून एक त्याच काचेवर टिपायची. आठ चेहरे असतील तर प्रत्येकाला एकूण वेळेचा एक अष्टमांश द्यायचा. गुन्हेगारांच्या छायाचित्रांवर त्याने हा प्रयोग केला, कारण गुन्हेगाराचा म्हणून काही ठराविक चेहरा असतो, तो अशा रीतीने उमटेल, अशी त्याची अपेक्षा होती. प्रत्यक्षात उमटला तो एक सौम्य, बराचसा देखणा चेहरा. मूळ व्यक्तींच्या मुद्रेवरील विशेष पुसले गेले आणि सर्वसामान्य माणूसपण शिल्लक राहिले, हे गॉल्टनने स्वतःच नमूद केले. तरीही त्याने वंशाच्या गुणवत्तेविषयीचे आपले विचार सोडले नाहीत. १८८३ मध्ये त्याने त्या विचारांना युजेनिक्स हे नाव दिले, आणि त्या नावाखाली विसाव्या शतकात काय घडले, हे आपण जाणता.

रेलांडर आणि गॉल्टन या दोघांनीही अनेक चित्रांचे एक चित्र केले. तथापि त्यांच्या कामात मूलभूत भेद आहे. पहिला निवड करतो: हा हात येथून, ती मान तेथून, हा प्रकाश असा. निवडीची जबाबदारी त्याच्यावर येते. दुसरा सरासरी काढतो. त्यात कोणताच निर्णय कोणाचा नसतो, आणि म्हणून शेवटी जो चेहरा उरतो तोही कोणाचाच नसतो. व्यक्तिचित्रातून व्यक्ती नाहीशी करण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग होय.

सरासरीचा उपयोग विवेकाने कसा करावा, याचेही एक उदाहरण आहे. अमेरिकेतील नॅन्सी बर्सन या कलावतीने १९८२ मध्ये संगणकाच्या साहाय्याने जगातील पाच अण्वस्त्रधारी राष्ट्रांच्या नेत्यांचा एक चेहरा तयार केला. प्रत्येकाचा वाटा त्याच्या देशाजवळील अण्वस्त्रांच्या प्रमाणात होता: रेगन ५५ टक्के, ब्रेझनेव्ह ४५ टक्के, आणि थॅचर, मित्तराँ व डेंग यांचा प्रत्येकी एक टक्क्याहून कमी. येथे चेहरा कोणाचाच नाही, हेच चित्राचे म्हणणे आहे, आणि प्रमाण सोबत सांगितलेले आहे. कृती सांगितलेली असल्यामुळे प्रेक्षकाची फसगत होत नाही.

आता पुन्हा आपल्या देशाकडे वळू. राजस्थानातील नाथद्वारा हे श्रीनाथजींचे क्षेत्र. तेथे यात्रेकरू आपल्या इच्छेनुसार देवाचा खास उत्सव करवीत. त्याला मनोरथ म्हणतात. या प्रसंगाचे चित्रही करून घेत. मध्यभागी श्रीनाथजी, बाजूला पुजारी आणि यजमान कुटुंब, अशी त्याची रचना ठरलेली असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छायाचित्रण तेथे पोहोचले, तेव्हा चित्रकारांनी एक अभिनव पद्धत स्वीकारली. भक्तांचे चेहरे छायाचित्रातून कापून घ्यायचे, ते रंगविलेल्या देहावर चिकटवायचे आणि कडा रंगाने अशा मिळवून टाकायच्या की चेहरा आणि वस्त्र एकाच कुंचल्याचे वाटावे. घासीराम हरदेव शर्मा हे नाथद्वाऱ्याचे विख्यात कलावंत चित्रकार होते आणि छायाचित्रकारही. या चित्रांत कॅमेऱ्याकडे एक काम सोपविलेले आहे, ओळख पटविण्याचे. आणि कुंचल्याकडे दुसरे, माणसाला त्याच्या श्रद्धेच्या जागी नेऊन बसविण्याचे. संगणकावरील रंगचित्रसदृश संमिश्र व्यक्तिचित्राचा पूर्वज शोधायचा झाला, तर तो मला येथे दिसतो.

भारतातील रंगविलेल्या छायाचित्रांचा एक विशेष अभ्यासकांनी दाखवून दिला आहे. युरोपात छायाचित्रावर बहुधा पातळ, पारदर्शक रंगाचा हात फिरवीत. आपल्याकडे पुष्कळदा जाड, अपारदर्शक रंग लावीत. पार्श्वभूमी, गालिचा, वस्त्रे, दागिने सारे झाकून जाई आणि केवळ चेहरा व हात मूळ छायाचित्राचे राहत. छायाचित्र येथे पाया होते. त्यावरील इमारत चित्रकाराची असे.

संगणकाने या परंपरेत नेमकी कशाची भर घातली? पहिले पाऊल १९५७ मध्ये पडले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत रसेल किर्श या अभियंत्याने आपल्या तान्ह्या मुलाचे पाच सेंटिमीटर चौरस छायाचित्र यंत्राद्वारे संगणकात उतरविले. उभे १७६ आणि आडवे १७६, असे एकूण ३०,९७६ ठिपके. प्रत्येक ठिपका काळा किंवा पांढरा. छायाचित्र ही संख्यांची सारणी होऊ शकते, हे तेथे सिद्ध झाले. आज प्रत्येक ठिपक्याला, म्हणजे पिक्सेलला, सामान्यतः तीन संख्या असतात: तांबड्या, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाची. प्रत्येकीच्या २५६ पायऱ्या धरल्या, तर १ कोटी ६७ लाखांहून अधिक रंग मिळतात.

सांध्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती चौथी संख्या. ती रंग सांगत नाही, तो ठिपका किती पारदर्शक आहे हे सांगते. थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये या संख्येच्या आधारे चित्रे एकावर एक ठेवण्याचे गणित पद्धतशीर मांडले. गणित सोपे आहे. वरच्या थरातील ठिपक्याचे मूल्य २००, खालच्याचे १०० आणि वरच्याची अपारदर्शकता ६० टक्के असेल, तर २०० चे ६० टक्के १२०, १०० चे ४० टक्के ४०, आणि परिणाम १६०. गालाच्या कडेवर ही टक्केवारी हळूहळू १०० वरून शून्यावर आणली की एक चेहरा दुसऱ्या पार्श्वभूमीत विरघळतो. नाथद्वाऱ्याचा कलावंत ओल्या कुंचल्याने जे करी, तेच येथे गुणाकाराने होते.

थॉमस आणि जॉन नोल या बंधूंनी १९८७ मध्ये रचावयास घेतलेली फोटोशॉप ही प्रणाली १९९० मध्ये बाजारात आली. तिच्यात स्वतंत्र थरांची, म्हणजे लेयरची, सोय १९९४ मध्ये झाली. गिम्प ही विनामूल्य प्रणाली १९९६ पासून लोकांच्या हाती आहे, आणि आज मी जे सांगणार आहे ते सारे तिच्यातही करता येते. थरांमुळे एक गोष्ट कायमची बदलली. कापलेले छायाचित्र पुन्हा जोडता येत नसे. थरावर लावलेला मुखवटा, म्हणजे मास्क, मूळ चित्राला धक्का न लावता केव्हाही मागे घेता येतो.

आता एक उदाहरण घेऊन प्रत्यक्ष कृती पाहू. समजा, एका कुटुंबाला दिवंगत आईवडिलांचे एकत्र चित्र हवे आहे. दोघांचे एकत्र छायाचित्र कधी काढलेच गेले नाही. वडिलांचे ओळखपत्रासाठी काढलेले छायाचित्र आहे, ३५ मिलिमीटर रुंद आणि ४५ मिलिमीटर उंच. आईचा चेहरा एका लग्नाच्या समूहचित्रात आहे, जेमतेम एक सेंटिमीटर. आपल्या देशात ही स्थिती असंख्य घरांची आहे; विशेषतः स्त्रियांची स्वतंत्र छायाचित्रे फार कमी असत.

पहिले काम मोजमापाचे. वडिलांचे छायाचित्र दर इंचाला ६०० ठिपके या प्रमाणात संगणकात उतरविले, तर सुमारे ८२७ बाय १,०६३ ठिपके हाती येतात. उत्तम छपाईसाठी दर इंचाला ३०० ठिपके लागतात असे धरले, तर यातून सात बाय नऊ सेंटिमीटरचे चित्र निघेल. भिंतीवरील तसबिरीला ते अपुरे आहे. आईच्या चेहऱ्याची स्थिती याहून बिकट. दर इंचाला १,२०० ठिपके घेतले, तरी रुंदीत ४७० च्या आसपास ठिपके मिळतील, आणि त्यांतील पुष्कळसे कागदाच्या रवाळपणाचे असतील, चेहऱ्याचे नव्हे.

दुसरे काम कॅमेऱ्याचे अंतर ओळखण्याचे. जवळून घेतलेल्या चित्रात नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. दूरून घेतलेल्यात चेहरा सपाट होतो. दोन वेगळ्या अंतरांवरून घेतलेले चेहरे शेजारी ठेवले, तर पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकते. तिसरे काम प्रकाशाचे. बुबुळातील चकाकीचा ठिपका पाहावा. तो प्रकाश कोठून आला ते सांगतो. नाकाखालील सावली त्याची खातरजमा करते. वडिलांवर समोरून फ्लॅश पडला आहे आणि आईवर दुपारचे मांडवाबाहेरचे ऊन, अशा वेळी एकाला दुसऱ्यासारखे करावेच लागते. यासाठी चित्रावर मध्यम करड्या रंगाचा एक थर अशा मिश्रणपद्धतीने ठेवतात की करडा स्वतः दिसू नये. त्यावर जेथे उजळ कुंचला फिरवावा तेथे खालचे चित्र उजळते आणि गडद फिरवावा तेथे काळवंडते. संपूर्ण कामापैकी सर्वाधिक वेळ येथे जावा. एकमेकांशी न जुळणारा प्रकाश कोणत्याही रंगाने झाकला जात नाही.

चौथे काम रंगाचे. १९७० आणि १९८० च्या दशकांतील अनेक रंगीत प्रतींत निळसर हिरवी छटा आधी उडते आणि सारे चित्र तांबूस होते. म्हणून त्वचेचा वर्ण प्रतीवरून जसाच्या तसा घेता येत नाही. ज्यांनी त्या व्यक्तीला पाहिले आहे त्यांना विचारावा लागतो. आणि येथेच कारागिराच्या सचोटीची परीक्षा होते. स्टुडिओत ज्याला टचिंग म्हणतात, त्यात सावळा चेहरा उजळ करण्याची प्रथा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. गिऱ्हाईक मागते आणि कारागीर देतो. त्यामुळे नातवंडांच्या हाती जी आजी येते, ती तिच्या स्वतःच्या वर्णाची नसते. कधी अंगावर नसलेले दागिने चढतात. दागिन्यांचे एक वेळ राहू द्या, ती इच्छापूर्ती आहे; नाथद्वाऱ्याच्या भक्तालाही चित्रकार उत्तम वस्त्रे देतच असे. परंतु वर्ण बदलणे म्हणजे, ही व्यक्ती जशी होती तशी भिंतीवर लावण्याजोगी नव्हती, असे तिच्या वंशजांना सांगणे होय. ते मला मान्य होण्यासारखे नाही.

आता आपण रंगचित्राच्या संस्काराकडे येऊ. पुष्कळांना तो केवळ शोभेचा वाटतो. माझ्या मते त्याचे खरे प्रयोजन दुसरे आहे. ४७० ठिपक्यांच्या चेहऱ्यात त्वचेवरील बारकावे नाहीत, पापण्यांचे केस नाहीत. मोठ्या आकारात ते दाखवायचे, तर कोठून तरी आणावे लागतील. कुंचल्याचा फटकारा हा प्रश्न सरळपणे सोडवितो. तो गालाच्या गोलाईबरोबर फिरतो, प्रकाश आणि छाया यांची मोठी क्षेत्रे दाखवितो, आणि जे ठाऊक नाही त्याविषयी काही सांगण्याचा आव आणीत नाही. तैलचित्रात पापणीचा प्रत्येक केस कोणी शोधीत नाही. दोन छायाचित्रांचा वेगवेगळा रवाळपणाही एका कुंचल्याखाली एकजीव होतो.

हे काम हाताने करता येते, तसे गणितानेही. चित्राला तैलरंगाचे रूप देण्यासाठी जी प्रसिद्ध गाळणी वापरतात, ती मिचियोशी कुवाहारा या जपानी संशोधकाच्या नावाने ओळखली जाते. ती १९७६ मध्ये हृदयाच्या वैद्यकीय प्रतिमा स्पष्ट करण्यासाठी योजिलेली होती. प्रत्येक ठिपक्याभोवती चार लहान चौकोन कल्पायचे, ज्या चौकोनात रंगांची चढउतार सर्वांत कमी तो निवडायचा आणि त्याची सरासरी त्या ठिपक्याला द्यायची. त्यामुळे सपाट भाग मऊ होतात आणि कडा शाबूत राहतात, जणू चित्रकाराने रुंद कुंचल्याने रंग ठेवले आहेत. मात्र डोळे, ओठ आणि हनुवटी यांची ठेवण गाळणीवर सोपवू नये. माणूस ओळखू येतो तो याच तीन ठिकाणी. तेथे हातच चालवावा.

गेल्या काही वर्षांत तिसरा एक मार्ग उपलब्ध झाला आहे, आणि तो सर्वांत मोहक आहे. अस्पष्ट चेहरा यंत्राला द्यावा आणि क्षणार्धात तो सुस्पष्ट होऊन परत यावा. पापण्या, त्वचेची रंध्रे, केसांची बट, सारे हजर. हे बारकावे यंत्राने आणले कोठून? असंख्य परक्या चेहऱ्यांवरून ते शिकले आहे, आणि अशा अस्पष्ट जागी सामान्यतः काय असते याचा अंदाज ते भरते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अशा एका प्रणालीला बराक ओबामा यांचे मुद्दाम अस्पष्ट केलेले छायाचित्र दिले असता तिने एका गोऱ्या पुरुषाचा चेहरा परत केला. जगप्रसिद्ध व्यक्तीच्या बाबतीत चूक तत्काळ उघड झाली, कारण खरा चेहरा सर्वांना ठाऊक होता. परंतु ज्या आजीचे जगात एकच अस्पष्ट छायाचित्र आहे, तिच्या बाबतीत चूक दाखविणार कोण? घरच्यांनाही काही दिवसांनी तो नवा चेहराच खरा वाटू लागेल. गॉल्टनची सरासरी येथे नव्या वेषात परत आली आहे. फरक एवढाच की, गॉल्टनचे चित्र धूसर असल्यामुळे ते सरासरीचे आहे हे दिसत तरी असे. हे चित्र लख्ख असते.

असे यंत्र मुळीच वापरू नये, असा माझा आग्रह नाही. पार्श्वभूमीतील भिंत, साडीचा पोत, कागदावरील चरे यांसाठी ते खुशाल वापरावे. चेहऱ्याच्या आत त्याला प्रवेश देऊ नये, एवढेच.

सांधा उघडपणे मान्य करूनही चित्र किती हृद्य होऊ शकते, याचे एक भारतीय उदाहरण सांगतो. अमृता शेरगिल १९१३ मध्ये बुडापेस्टमध्ये जन्मल्या आणि १९४१ मध्ये, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, लाहोरमध्ये निवर्तल्या. त्यांचे वडील उमराव सिंग शेरगिल हे विद्वान गृहस्थ होते आणि अनेक दशके त्यांनी स्वतःची व कुटुंबाची छायाचित्रे काढली. अमृतांची बहीण इंदिरा. इंदिरेचे पुत्र विवान सुंदरम्. विवान यांचा जन्म १९४३ चा. म्हणजे मावशीच्या मृत्यूनंतर सुमारे दीड वर्षाने ते जन्मले; त्यांची तिच्याशी भेट झाली ती छायाचित्रांत आणि रंगचित्रांतच. २००१ च्या सुमारास त्यांनी आजोबांची ही छायाचित्रे संगणकावर एकत्र आणून कृष्णधवल चित्रांची एक मालिका केली. तिचे नाव ‘री-टेक ऑफ अमृता’. वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या शहरांत टिपलेली माणसे त्यात एका खोलीत येतात; आरशात दुसऱ्याच काळातील चेहरा दिसतो; अमृतांची रंगचित्रे आणि त्यांची छायाचित्रे शेजारी येतात. मालिकेच्या नावातच पुन्हा टिपणे हा शब्द असल्यामुळे, हे मूळ छायाचित्र आहे असा भ्रम कोणाला होत नाही. तरीही वडील, मुलगी आणि न भेटलेला भाचा यांच्यामधील काही तरी त्यात खरे उतरले आहे. २०२३ मध्ये सुंदरम् यांचे निधन झाले. त्यांनी प्रकाश इतका काळजीपूर्वक जुळविला आहे की डोळ्याला सांधा सापडत नाही, पण बुद्धीला तो ठाऊक असतो.

मित्रहो, या साऱ्यातून व्यवहारासाठी काय निघते? मला चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. मूळ छायाचित्रे जशी मिळाली तशी जपून ठेवावीत. त्यांवर काहीही करू नये. चेहऱ्यातील अवयव त्याच व्यक्तीच्या छायाचित्रातून घ्यावेत. वडिलांचे ओठ अस्पष्ट आहेत म्हणून काकांचे लावू नयेत, आणि जेथे काहीच मिळत नाही तेथे कुंचल्याने सूचित करून थांबावे. वर्ण आणि वय बदलू नये. आणि चौथी गोष्ट, चित्र पुरे झाल्यावर त्याच्या मागे चार ओळी लिहाव्यात: कोणता चेहरा कोणत्या वर्षीच्या कोणत्या छायाचित्रातून घेतला, वस्त्रे व पार्श्वभूमी कोणी रंगविली, आणि काम कोणी व केव्हा केले.

ही चौथी सूचना नवी नाही. अकबराच्या ग्रंथशाळेतील लेखनिक तांबड्या शाईने हेच करीत होता. त्याच्या नोंदीमुळे चित्राचे सौंदर्य रेसभरही उणे झाले नाही. उलट ज्यांनी ते घडविले त्यांची नावे आपल्यापर्यंत पोहोचली. आज संगणकावरील चित्राच्या पोटात अशी नोंद ठेवण्याची सोय असते, परंतु चित्र एकाकडून दुसऱ्याकडे जाताना ती सहज गळून पडते. तसबिरीच्या पाठीवर शाईने लिहिलेल्या ओळी अधिक काळ टिकतात, असा माझा विश्वास आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी एखादी तसबीर असेल, किंवा लवकरच ती करून घ्यावयाची असेल. ज्यांनी त्या व्यक्तींना प्रत्यक्ष पाहिले आहे ती माणसे हयात आहेत तोवरच त्यांना वर्ण, वय आणि वर्ष विचारून घ्यावे. हे काम संगणकाचे नाही, आणि ते पुढे ढकलण्यासारखेही नाही.